पीएलसीचं कार्ड खरंच गेलंय का? – इनपुट-आउटपुट मॉड्युलमधले दोष शोधताना

पीएलसीवर चालणारी एखादी मशीन अचानक थांबली की कारखान्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कार्ड गेलं." मग स्टोअरमधून नवीन कार्ड येतं, जुनं निघतं, नवं बसतं आणि मशीन चालू झाली की सगळे चहाला जातात. जुन्या कार्डावर पेनाने 'खराब' लिहून ते कपाटात ठेवलं जातं. अशी कपाटं मी पाहिली आहेत. त्यातली निम्मी कार्डं तरी धडधाकट असावीत असा माझा दाट संशय आहे.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी दोन ओळी. पीएलसी म्हणजे कारखान्यातला कंट्रोलर. त्याचा सीपीयू म्हणजे डोकं. बाहेरचे स्विच, सेन्सर, ट्रान्समीटर यांचं म्हणणं डोक्यापर्यंत नेतात ती इनपुट मॉड्युल; आणि डोक्याचा हुकूम व्हॉल्व्ह, कॉन्टॅक्टर, दिवे यांच्यापर्यंत पोहोचवतात ती आउटपुट मॉड्युल. बोलीभाषेत दोघांनाही 'कार्ड' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने रिले पॅनेलऐवजी नवीन प्रकारचा कंट्रोलर हवा म्हणून अटी काढल्या, त्यात दुरुस्ती सोपी असावी आणि भाग शक्यतो चटकन काढता-घालता यावेत अशी एक अट होती. ती पुरी झाली, पण कार्ड काढणं इतकं सोपं झालं की विचार करण्याआधी हात तिकडेच जातो!

वास्तविक कार्ड पॅनेलच्या आत, थंड आणि कोरड्या जागी बसलेलं असतं. स्विच मात्र धुळीत, पाण्यात, तेलात, उन्हात. दोघांमध्ये शंभर-दोनशे मीटर केबल, दोन-तीन जंक्शन बॉक्स आणि डझनभर स्क्रू. आता तुम्हीच सांगा, आधी कोण बिघडेल?

डिजिटल इनपुटचं उदाहरण घेऊ. एका सिग्नलचे चार साक्षीदार असतात. पहिला प्रत्यक्ष स्विच, दुसरा कार्डाच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, तिसरा कार्डावरचा छोटा एलईडी आणि चौथा प्रोग्रॅममधला बिट. स्विच दाबलेला आहे, पण बिट शून्य आहे, म्हणजे या चौघांत कुणीतरी खोटं बोलतंय. मधोमध सुरुवात करायची, टर्मिनलपासून. तिथे व्होल्टेज व्यवस्थित असेल तर बाहेरचं सगळं निर्दोष, पुढे बघा. नसेल तर कार्डाला हात लावू नका, बाहेर चला. एका मापात अर्धा रस्ता संपतो. एलईडी लागतोय पण बिट येत नाही, असं झालं तर आधी पत्ता तपासा. नवीन बसवलेल्या प्लँटमध्ये माणसं भलत्याच बिटकडे बघत बसलेली असतात, हे हसण्यावारी नेऊ नका. एक गोष्ट लक्षात ठेवा, काही कार्डांत एलईडी ऑप्टो-कप्लरच्या बाहेरच्या बाजूला असतो, काहींत आतल्या. बाहेरच्या बाजूचा असेल तर तो लागला याचा अर्थ फक्त करंट आत शिरला एवढाच. आत कुणी तो ऐकला की नाही हे एलईडी सांगत नाही. कार्डाच्या पुस्तिकेतली आकृती एकदा बघून घ्यावी.

पण 'व्होल्टेज व्यवस्थित' म्हणजे किती? इथेच खरी मेख आहे. २४ व्होल्ट डीसी इनपुटसाठी आयईसी ६११३१-२ हे मानक आहे. त्यातल्या नेहमीच्या टाइप-१ इनपुटला ५ व्होल्टपर्यंत शून्य आणि १५ व्होल्टच्या वर एक असं मानलं जातं. मधल्या ५ ते १५ व्होल्टच्या पट्ट्यात कार्डाने काय समजावं यावर मानकाचं कोणतंही बंधन नाही. एक कार्ड ९ व्होल्टला 'हो' म्हणेल, दुसरं ११ व्होल्टला. एकाच कार्डाचे दोन चॅनेलसुद्धा थोडे वेगळे वागू शकतात. हा मधला पट्टा म्हणजे दोन गावांच्या शिवेवरचा बांध. तिथे कुणाची सत्ता हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

या बांधावर एक अख्खी रात्र गेलेली मी पाहिली. माझं गाव युसूफ वडगाव, केज तालुका. मांजरेच्या पट्ट्यात पाऊस बरा झाला की ऊस वाढतो आणि हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर, टायरगाड्या यांची रांग असते. डिसेंबर २०२४ मध्ये मी ट्रेनिंगसाठी एका साखर कारखान्यात होतो (नाव सांगत नाही, गरजही नाही). तिथे रात्री दोननंतर गव्हाण थांबायची. गव्हाण म्हणजे ऊस मिलकडे नेणारा केन कॅरिअर, शहरातल्या मित्रांना हा शब्द माहीत नसेल. कॅरिअर थांबला की मिल रिकामी फिरते, बॉयलरला बगॅस कमी पडू लागतो आणि यार्डात गाड्यांची रांग वाढते. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकं त्याचं वजन घटतं आणि साखरही उतरते. वजन घटलं की नुकसान शेतकऱ्याचं, कारण पैसे काट्यावरच्या वजनावर मिळतात. त्या रांगेत आमच्या गावच्याही गाड्या होत्या. थंडीत शेकोटी करून बसलेले गाडीवान मला ओळखत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "काय रे, लागली का मिल?"

स्क्रीनवर संदेश यायचा, 'पुल कॉर्ड'. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंनी एक दोरी असते. कुणी घसरलं, कुणाचा हात किंवा कपडा अडकला, तर ती ओढली की कॅरिअर जागीच थांबतो. त्या दोरीचे सहा स्विच होते, सगळे एकामागोमाग सिरीजमध्ये, नेहमी बंद राहणारे. सहाही बंद असतील तरच २४ व्होल्ट कार्डापर्यंत येतात. दोरी कुणीच ओढलेली नव्हती. तरी इनपुटचा एलईडी मधूनच मिणमिणायचा आणि कॅरिअर थांबायचा. सकाळी ऊन पडलं की सगळं ठीक.

आधीच्या पाळीने रीतसर तपासणी केली होती. कार्डावरची वायर सोडवली, मल्टिमीटर लावला, वायरवर बरोबर २४ व्होल्ट. म्हणजे फील्ड चांगलं, कार्ड खराब. कार्ड बदललं. नवीन कार्डावर दोन रात्री निघाल्या. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. पाळीचे फोरमन वैतागून म्हणाले, "कार्ड बदलून झालं, आता काय देव बदलू का?"

आता हे २४ व्होल्ट कसं फसवतं ते बघा. आपल्या हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर नळाच्या पाइपात गाळ बसलाय असं समजा. नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण दिसेल. नळ सोडला की करंगळीएवढी धार. वायर सुटी करून व्होल्टेज मोजणं म्हणजे बंद नळाचं प्रेशर मोजणं. डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून जाणारा करंट जवळपास नाहीच. मग वाटेत चार-पाच किलोओहमचा गंज असला तरी त्यावर व्होल्टेज पडतच नाही आणि मीटर पूर्ण २४ दाखवतो. कार्डाचा इनपुट मात्र २४ व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध सव्वातीन ते साडेतीन किलोओहम. तो जोडला की गंज आणि कार्ड व्होल्टेज वाटून घेतात.

तिथे इन्स्ट्रुमेंट विभागात निवृत्तीला आलेले एक काका होते. डिप्लोमा नाही, आयटीआय, पण हात असा की बघत राहावं. त्यांनी वायर सोडवलीच नाही. जोडलेल्या अवस्थेत, कॅरिअर थांबलेला असताना, टर्मिनलवर मीटर धरला. ९.६ व्होल्ट. बांधावरचं व्होल्टेज! जुन्या कार्डाने त्याला शून्य म्हटलं. नवं कार्ड थोड्या खालच्या व्होल्टेजला 'एक' मानणारं निघालं असावं, म्हणून दोन रात्री तरलं. तोवर गंज आणखी वाढला. कार्ड बदलल्यावर मशीन चालू झाली, याने जुनं कार्ड खराब होतं हे सिद्ध होत नाही, ते हे असं.

मग ते टॉर्च घेऊन गव्हाणीवर गेले आणि एकेका स्विचच्या दोन टर्मिनलवर मीटर लावत गेले. ही युक्ती पुस्तकात मला ठळकपणे कुठे दिसली नाही, म्हणून नीट सांगतो. बंद असलेल्या निरोगी कॉन्टॅक्टवर, करंट चालू असताना, व्होल्टेज जवळपास शून्य पडलं पाहिजे. पहिला ०.१, दुसरा शून्य, तिसरा ०.१, चौथा १४.१. पुढचे दोन मिळून ०.१. बेरीज १४.४, आणि २४ मधून ९.६ गेले की १४.४ च राहतात. हिशोब चोख. चौथ्या स्विचच्या झाकणाचे चारपैकी दोन स्क्रू नव्हते, केबल ग्लँड सैल होती, रोजचं धुण्याचं पाणी आणि उसाची भुकटी आत जाऊन कॉन्टॅक्टवर हिरवा गंज चढला होता. रात्री दव पडून गारठा आला की तो कॉन्टॅक्ट आणखी बिघडायचा, उन्हात जरा सुधारायचा. स्विच बदलला, ग्लँड आवळली, टर्मिनलवर २३.७ व्होल्ट आले.

त्याआधी, मध्यरात्रीच, कुणीतरी सोपा उपाय सुचवला होता. पॅनेलमध्ये त्या इनपुटला सरळ २४ व्होल्टचा जंपर मारा, ऊस तर चालू होऊ दे, सकाळी बघू. प्रोग्रॅममध्ये तो बिट फोर्स करणं तर त्याहून सोपं, लॅपटॉपवर दोन क्लिक. फोरमन आणि काका दोघांनीही ठाम नकार दिला. "रांग थांबल. गव्हाणीवरच्या पोरानं दोरी ओढली अन् ती थांबली नाही तर काय करायचं?" एवढंच काका म्हणाले. बाहेर गाडीवान शिव्या घालत होते, त्यांचंही चुकत नव्हतं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, गव्हाणीच्या आसपास राबणारे हातही बहुतेक अशाच घरांतले. इनपुट दोष शोधताना जंपर हे चाचणीचं हत्यार आहे, हे मान्य. पण ते फील्डची वायर सोडवून, मशीनचा पॉवर आयसोलेट करून, मिनिटभर वापरायचं आणि स्वतः काढायचं. सुरक्षेच्या साखळीवर तर नाहीच. खरं तर पुल कॉर्ड फक्त पीएलसीच्या भरवशावर ठेवूच नये. तिचा एक स्वतंत्र कॉन्टॅक्ट किंवा सेफ्टी रिले थेट कॉन्टॅक्टरच्या सर्किटमध्ये असावा, म्हणजे प्रोग्रॅमने काहीही ठरवलं तरी मोटर थांबेल.

याच्या उलटा आजारही असतो, स्विच उघडा आहे तरी इनपुट येतोय. दोन वायरवाला प्रॉक्सिमिटी सेन्सर बंद अवस्थेतही स्वतःच्या पोटापुरता करंट घेतो, तो दीड मिलिअँपिअरच्या आसपास असू शकतो. संवेदनशील कार्डाला तेवढा पुरतो. २३० व्होल्ट एसी इनपुटवर तर भूतच दिसतं. स्विचची केबल मोटरच्या पॉवर केबलशेजारून शंभर मीटर गेली असेल तर दोन केबलींमधल्या कपॅसिटन्समुळे उघड्या वायरवरही साठ-सत्तर व्होल्ट दिसतात, टेस्टरही लागतो. खरं व्होल्टेज की भूत, हे ओळखायला त्याच्यावर छोटा भार टाकायचा, एखाद्या रिलेची कॉइल लावली तरी चालेल. भूत असेल तर मीटर खाली कोसळतो. उपायही तोच आहे, इनपुटला समांतर योग्य वॅटचा रेझिस्टर किंवा मध्ये एक इंटरपोजिंग रिले.

एकदम आठ इनपुट गेले तर आठ स्विच एकाच क्षणी बिघडत नाहीत. कॉमन बघा. त्या आठ जणांच्या गटाची शून्य व्होल्टची एकच वायर कुठेतरी सैल असते, नाहीतर फ्यूज गेलेला असतो. अख्ख्या रॅकचे दिवे गेले तर पॉवर सप्लाय.

आउटपुटकडे वळू. इथे साक्षीदार उलट्या क्रमाने, बिट, एलईडी, टर्मिनल, मग भार. बिट आहे, एलईडी आहे, टर्मिनलवर व्होल्टेज नाही, तर आउटपुट गटाचा पुरवठा किंवा फ्यूज तपासा. तो ठीक असेल तर इथे मात्र कार्डावर संशय घेणं रास्त आहे. आउटपुट कार्डं खरोखर मरतात, कारण बाहेरचा मार त्यांना थेट बसतो. रिले आउटपुटचा कॉन्टॅक्ट चिकटतो, मग बिट शून्य झाला तरी व्हॉल्व्ह उघडाच. ट्रान्झिस्टर आउटपुट साधारण अर्ध्या अँपिअरचे असतात, त्यावर कुणी मोठी कॉइल टाकली की आयुष्य संपलं. आणि डीसी सोलेनॉइड बंद होताना उलटं व्होल्टेज मारतो. कॉइलवर एक साधा १एन४००७ डायोड, कॅथोड पॉझिटिव्हकडे, नसेल तर तोच चॅनेल पुन्हा पुन्हा जातो. काही रुपयांचा डायोड वाचवून हजारोंचं कार्ड जाळणं याला काय म्हणावं? ट्रायॅक आउटपुट बंद असतानाही थोडा करंट सोडतो, म्हणून त्यावरचा एलईडी इंडिकेटर मंद जळत राहतो. तो दोष नाही, त्याचा स्वभाव आहे.

ॲनालॉग इनपुट हा माझा आवडता भाग, कारण तिथे ४ ते २० मिलिअँपिअर ही फार शहाणी कल्पना आहे. शून्य टक्क्याला ४ मिलिअँपिअर ठेवले, म्हणजे 'टाकी रिकामी आहे' आणि 'वायर तुटली आहे' या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू येतात. रसाच्या टाकीची लेव्हल स्क्रीनवर शून्य दिसतेय? मीटर सिरीजमध्ये लावा. बरोबर ४.०० असेल तर ट्रान्समीटर प्रामाणिकपणे 'रिकामी' म्हणतोय, टाकीत डोकावून या. करंटच नसेल तर वायर, फ्यूज किंवा ट्रान्समीटरचा पुरवठा. साध्या सूत्राने आकडा काढला असेल आणि कार्ड शून्याखालचं मोजत असेल तर शून्य मिलिअँपिअरला स्क्रीनवर उणे २५ टक्के दिसतं. उणे लेव्हल कुठल्याच टाकीत नसते, तेव्हा तो आकडा दिसला की शिडी चढू नका, लूप बघा.

आपल्या भागातल्या जुन्या पॅनेलमध्ये सीमेन्सची एस७-३०० मालिका अजून भेटते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. ४ ते २० मिलिअँपिअरचे तिथे ० ते २७६४८ काउंट होतात, म्हणजे १२ मिलिअँपिअरला १३८२४. कच्चा काउंट ३२७६७ वर जाऊन चिकटला तर सिग्नल मर्यादेबाहेर गेलाय, किंवा वायर तुटल्याचं निदान चालू केलेलं असून कार्डाला वायर तुटलेली सापडली आहे. बऱ्याच ॲनालॉग कार्डांच्या कडेला एक छोटा चौकोनी ठोकळा असतो, त्यावर ए, बी, सी, डी. सी म्हणजे चार वायरचा करंट ट्रान्समीटर, डी म्हणजे दोन वायरचा. नवीन कार्ड बसवताना ठोकळा जुन्यासारखा फिरवला नाही तर नवं कोरं कार्डही 'खराब' ठरतं आणि कपाटात जातं. आणखी एक, कार्डाचं डायग्नोस्टिक चालू केलंत पण सीपीयूत ओबी ८२ हा ब्लॉक टाकला नाहीत, तर एक वायर तुटल्याबरोबर अख्खा सीपीयू स्टॉपमध्ये जातो. निदान करायला गेलेला डॉक्टरच रोग्याला झोपवतो, तसं. ब्लॉक रिकामा असला तरी चालेल, पण असावा.

आकडा स्थिर नसून नाचत असेल तर शील्ड बघा. ती साधारणपणे एकाच टोकाला, पॅनेलकडे, अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली आणि दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक असला की शील्डमधूनच करंट वाहू लागतो. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा जोरात पडतात. तेव्हा उघड्यावरच्या ट्रान्समीटरची कार्डं खरोखर जळतात, त्यांना सर्ज प्रोटेक्टर हवाच.

हे वाचून पटणार नाही, हाताने करावं लागेल. लॅबमधला पीएलसी किट घ्या, २४ व्होल्ट सप्लाय आणि इनपुट यांच्यामध्ये १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर सिरीजमध्ये टाका, म्हणजे तुमच्या हातात एक फिरता गंज आला. आउटपुटच्या वायरी आधी काढून ठेवा. पोट हळूहळू फिरवा, एलईडी कोणत्या व्होल्टेजला विझतो आणि परत फिरवताना कोणत्या व्होल्टेजला लागतो ते लिहा. दोन आकडे एकच येतात का? सगळ्या चॅनेलवर करा. मग पोट न हलवता वायर कार्डातून सोडवा आणि सुट्या टोकावर मोजा. किटच्या कपाटात मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे, पहिल्या पानावर तक्ता आखलेला आहे, आकडे त्यात भरा. पेन मात्र आपापला आणा, ठेवलेला टिकत नाही.